गोड्या पाण्यातल्या छत्र्या

दर रविवारी सकाळी साडेदहाला दत्तोबा लेकीला फोन लावायचा आणि दहा एकतीस व्हायच्या आत तो फोन संपायचा.

"जेवलीस का?"

"नाश्ता झाला, आबा."

"बरी हायस ना?"

"बरी आहे. तुम्ही?"

"मला काय धाड भरलीय. हे घे, आई बोलतीया."

संपलं. चाळीस सेकंद, फार तर पंचेचाळीस. मग कस्तुराबाई फोन घेऊन मागच्या पडवीत जायची आणि तिथे अर्धा-पाऊण तास मायलेकींचं जे काही चालायचं त्याला ताळतंत्र नसायचं. हसणं काय, कुजबुज काय, मध्येच 'अगं बया' काय. तेवढ्या वेळात दत्तोबा मागच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायला बसायचा. गेल्या चार वर्षांत त्या बिजागरीला इतकं तेल मिळालं होतं की नुसती फुंकर मारली तरी दार उघडलं असतं, पण दर रविवारी ती पुन्हा कुरकुरायला लागते असं त्याचं ठाम म्हणणं होतं. कस्तुराबाईला सगळं कळत होतं. ती थोडी मोठ्याने बोलायची, एवढंच.

बिजागरीपाशी बसून त्याला जे समजलं होतं ते असं. चैताली तिकडे रामेश्वरमच्या बाजूला, समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात प्रवाळांवर काम करते. (रामेश्वरम म्हटल्यावर पोरगी रोज दर्शन घेत असणार, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं.) प्रवाळ म्हणजे दगड नाही, झाडही नाही. ते जनावर आहे. बारीक बारीक हजारो जनावरं एकमेकांना चिकटून राहतात आणि बुडाशी चुन्याचं घर बांधत जातात. समुद्र फार तापला की ती पांढरीफटक पडतात, आणि चैताली पाण्याखाली जाऊन किती पांढरी पडली ते मोजते. कस्तुराबाईच्या माळेतलं लाल पोवळंसुद्धा त्यांच्याच गोतातल्या कुणाचं तरी हाड. हे ऐकून कस्तुराबाई म्हणाली होती, "म्हंजी मी चाळीस वर्सं गळ्यात हाड घालून फिरतीया व्हय?" आणि पलीकडे चैताली इतकी हसली की दाराआड दत्तोबाही हसला. मग त्याला फार वाईट वाटलं. ते हसू त्याच्यासाठी नव्हतं.

लेकीने आपणहून त्याला काही तरी सांगावं, कसलंही, एवढंच त्याला हवं होतं. सोळा वर्षांत तिने सांगितलं नव्हतं. भांडण नव्हतं त्यांचं. भांडण असतं तर चार माणसं बसवून मिटवता आलं असतं. दिवाळीला ती यायची, वाकून नमस्कार करायची, त्याच्यासाठी चांगला सदरा आणायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची आणि तिसऱ्या दिवशी कामशेतहून गाडी धरायची. वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. त्याचाच त्याला जास्त त्रास व्हायचा.

अकरा वर्षांची होईपर्यंत हीच पोरगी बापाला डोकं वर काढू द्यायची नाही. बैलाला स्वप्नं पडतात का, खेकडा आडवा चालतो तर त्याला त्याचं बीळ सापडतं कसं, असले प्रश्न विचारून भंडावून सोडायची. कामशेतवरून डोंगर ओलांडून खाली उतरलं की पवन मावळात धरणाचं पाणी लागतं, त्या पाण्याच्या कडेला त्यांचं गाव. उन्हाळ्यात पाणी मागे सरकायला लागतं आणि प्रत्येकाला आपापली मोटर त्याच्या पाठोपाठ खाली न्यावी लागते, पाइपाला पाइप जोडत. चैताली सुट्टीत बापाबरोबर मोटरीवर जायची आणि तो पाइप जोडेपर्यंत पाण्यात डोकं खुपसून बसायची.

त्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी ती ओलीचिंब धावत घरी आली. दत्तोबा जेवत होता.

"आबा, पान्यात छत्र्या हायत. काचेच्या. रुपायाएवढ्या. उघडत्यात आन मिटत्यात."

"बरं," दत्तोबा म्हणाला आणि भाकरी मोडली.

बापाने ऐकलं नाही म्हणून तिने सगळ्या आळीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कैलासची समीक्षा, सहा वर्षांची पोर, छत्र्या बघायला एकटीच पाण्यात उतरली आणि गाळात पाय घसरून गटांगळ्या खायला लागली. मोटरीवरच्या एका माणसाने वेणीला धरून ओढली म्हणून वाचली. संध्याकाळी कैलास दहा-बारा माणसं घेऊन दत्तोबाच्या दारात उभा राहिला. तुझ्या पोरीच्या थापेपायी माझी पोर बुडाली असती, म्हणून तो ओरडत होता. त्याचं काही चूक नव्हतं.

गावात एक रीत आहे. भैरोबाच्या देवळाच्या सर्वांत खालच्या पायरीला हात लावून जे बोललं जाईल ते खरं धरायचं, आणि विषय तिथेच संपवायचा. पुन्हा कुणी तो काढायचा नाही. बांधाची भांडणं, कोंबडीच्या चोऱ्या, सुनांची गाऱ्हाणी, सगळं त्या पायरीवर निकालात निघतं. दत्तोबाने रात्रभराची मुदत मागितली आणि उजाडताच पाण्यावर जाऊन आला. वारा सुटला होता, पाणी हलत होतं. दिसलं काहीच नाही.

"दुपारी बगा ना, आबा. ऊन डोक्यावर आलं की वर येत्यात," पोरगी सारखी म्हणत होती.

दुपारपर्यंत थांबायला कैलास तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर दत्तोबाही नव्हता. त्याला ते प्रकरण न्याहारीच्या आत संपवायचं होतं. त्याने तिला पायरीपाशी नेलं आणि कानात सांगितलं, "खोटं बोलले म्हन. म्हंजी मिटंल."

तिने हात लावला आणि तसं म्हणाली. मिटलं. कैलासने खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली, सगळे हसत हसत घरी गेले. रीतीप्रमाणे तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. फक्त त्या विषयाबरोबर बाकीचेही सगळे विषय संपले, हे दत्तोबाच्या ध्यानात यायला वर्ष गेलं. तोवर बैलाच्या स्वप्नांचं विचारणारी पोरगी घरात राहिली नव्हती.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. मंगळवारी भर दुपारी दत्तोबाची मोटर पाणी ओढेना. काठावर तंबू टाकून बसलेल्या पाहुण्यांना तो पाणी पुरवायचा, त्यामुळे थांबून चालणार नव्हतं. पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला लावलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये शेवाळ अडकलं असणार म्हणून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. वारा पूर्ण पडला होता, ऊन डोक्यावर, पाणी तळापर्यंत दिसत होतं. व्हॉल्व्ह हातात घेऊन तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

त्याच्या मनगटाजवळून एक काचेची छत्री वर चालली होती. रुपयाएवढी. कडेला केसासारखे बारीक तंतू, मधोमध पांढुरका गोल. ती मिटली, उघडली, परत मिटली, आणि दर मिटण्याला बोटभर वर सरकली. पाण्याच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली आणि तंतू पसरून आरामात खाली उतरायला लागली. तिच्यामागे दुसरी होती. मग नजर सरावली तसं त्याला दिसलं की सगळीकडे त्याच होत्या, वीस, पंचवीस, लांब हिरव्या पाण्यात अजून.

टाकी रिकामी झाली म्हणून तंबूवाला काठावरून हाका मारत होता. दत्तोबाला ऐकू येत होतं, पण त्याची नजर छत्र्यांवरून हलेना.

"खरं बोलत हुती," तो पाण्यालाच म्हणाला. "खरं बोलत हुती रं ती."

त्या शनिवारी चैताली यायची होती. पुण्यात तिची दोन दिवसांची परिषद होती. ती आटोपून दुपारी घरी येणार, चार तास थांबणार आणि संध्याकाळी जाणार. फोन करून आत्ताच सांगावं असं दत्तोबाच्या मनात आलं, पण फोनवर काय बोलायचं? चाळीस सेकंदांत बसेल अशी ती गोष्ट नव्हती. बोलायचं काम त्याला तसंही कधी जमलं नाही. दाखवायचं मात्र जमेल. लेक आली की तिला गोठ्यात न्यायचं आणि टबावरचं फडकं बाजूला करायचं. पुढचं ती आपणच समजेल.

घरातून तांब्या आणि लग्नात मिळालेला पांढरा टब आणून त्याने नऊ छत्र्या पकडल्या. हात न लावता, तांब्या पाण्यात आडवा धरून, एकेक अलगद आत येऊ देत. टब गोठ्यात सावलीला ठेवला आणि कस्तुराबाईलाही सांगितलं नाही. एकदा आळीत बातमी गेली की शनिवारपर्यंत जत्रा भरली असती.

आता यांना खायला काय घालायचं, ठेवायचं कसं? कामशेतच्या स्टेशन रोडवर गुलजारचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. दत्तोबा एसटी धरून तिथे गेला आणि आडून आडून विचारलं, "गुलजार, काचेच्या छत्रीवानी जनावर असतंय बघ पान्यात, उघडतंय मिटतंय. काय म्हनत्यात त्याला?"

"जेलीफिश," गुलजार म्हणाला. "टीव्हीवर बघितलंय. का, चैताली त्यावर काम करते वाटतं?"

"तसंच कायतरी. पाळायची म्हनली तर?"

"भाऊ, माझ्याकडे गोल्डफिश, फायटर, फार तर कासव. त्याचं मला काही कळत नाही, उगाच चुकीचं सांगायचो. ते समुद्रातलं जनावर, एवढं माहीत आहे."

गुलजार बिचारा एवढंच बोलला. बाकीचं सगळं दत्तोबाच्या डोक्याने केलं. समुद्रातलं जनावर इथे मावळात कसं पोचलं हे त्याला कळेना, पण आलंय खरं, आणि गोड्या पाण्यात त्याचे हाल होत असणार हे त्याने धरूनच टाकलं. परगावी माणसाला आपल्याकडचं जेवण मिळालं नाही की तो कसा वाळतो, तसंच असणार. त्याने बाजारातून दोन किलो खडे मीठ घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी अलिबागला लाटेने त्याला पाडलं होतं, तेव्हा तोंडात गेलेल्या पाण्याची चव त्याच्या जिभेवर पक्की होती. घरी येऊन मूठमूठ मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून, चाखत चाखत, अगदी तीच चव आल्यावर त्याने ते हळूहळू टबात सोडलं.

छत्र्या आक्रसल्या, मिटल्या आणि तळाला जाऊन बसल्या. दत्तोबा दिवेलागणीपर्यंत टबाशेजारी उकिडवा बसून होता. निजल्या, त्याने मनाशी म्हटलं. दमल्या असतील, आता घरच्यासारखं वाटत असेल.

सकाळी फडकं काढलं तर टबात पाणी होतं. नुसतं पाणी. मेलेला मासा तरंगतो, मेलेला बेडूक फुगतो. या मेल्या असत्या तर काही तरी मागे राहिलं असतं. त्याने टब उन्हात आणला, पाणी धोतराच्या फडक्यातून गाळलं, फडकं बोटांनी चाचपलं. काही म्हणजे काही नव्हतं. तो तांब्या घेऊन तसाच पाण्यावर धावला. आदल्या संध्याकाळी वरच्या अंगाला वळीव कोसळला होता आणि ओढ्याने लाल माती आणून धरणात ओतली होती. वीतभर खोलीवरचा स्वतःचा पायही दिसत नव्हता. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच.

शनिवारी चैताली आली, जेवली. कस्तुराबाई भांडी घासायला मागे गेली तेव्हा दत्तोबा म्हणाला, "जरा गोठ्यात चल."

तिथे त्याने तिला तो टब दाखवला. रिकामा दाखवायला त्याला लाज वाटली, पण दुसरं काही हातात नव्हतं.

"मंगळवारी ह्यात नऊ हुत्या," तो म्हणाला. "तुज्या छत्र्या. मी बघितल्या. माज्या डोळ्यांनी. पर आता न्हाईत. समुद्रातल्या म्हनून मी मीठ घातलं, तर सकाळी कायच न्हाई राह्यलं. धरनातबी दिसंनात. माज्यापाशी दाखवाया काय न्हाई, चैताली."

ती टबापाशी खाली बसली, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"किती वाजता बघितल्या?" तिने विचारलं.

"बारा-साडेबारा."

"वारा?"

"पडलेला."

"वर जाताना मिटत होत्या, की खाली येताना?"

"वर जाताना. खाली येताना नुसत्या पसरून, आरामात."

"मधे काय होतं?"

"पांढुरकं, गोल. कडंला केसं."

एकेक उत्तर देताना दत्तोबाच्या ध्यानात येत गेलं की हेच चार प्रश्न एका अकरा वर्षांच्या पोरीला विचारायचे होते. कुणीही विचारले नव्हते. त्याने तर नाहीच.

"गोड्या पाण्यातली जात आहे ती," चैताली म्हणाली. "मीठ सोसत नाही तिला. आणि अंगात जवळजवळ सगळं पाणीच, त्यामुळे मेली की विरघळून जाते, मागे काही उरत नाही. तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं." मग जरा थांबून म्हणाली, "मला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सापडलं. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात. सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये, उन्हाळ्यात पाणी डोहांत अडकून राहतं तिथे, ही असते. शंभरावर वर्षांपूर्वी कुणी तरी चित्रासकट लिहून ठेवलंय."

"आठ-नऊ वर्सं झाली की त्याला. मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"पायरीवर मिटलं होतं ना, आबा."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

"चल," दत्तोबा उठला. "आत्ताच्या आत्ता मी हात लावतो पायरीला. समद्या गावाम्होरं सांगतो, पोरगी खरं बोलत हुती, मी गाढव."

"नको. कैलासकाका तुम्हाला गोळी देतील." ती जराशी हसली. पण पडवीतलं ते हसू हे नव्हतं. "मला पाणी दाखवा. तासभर आहे अजून."

दोघं मोटरीपर्यंत उतरले. पाणी तसंच लाल होतं. चैतालीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात हात घालून दगड काढायला सुरुवात केली. एकेक उलटा करायचा, भिंगातून बघायचा आणि होता तसा परत ठेवायचा. दत्तोबा बाजूला उभा राहून बघत होता.

"छत्र्या दोन-चार आठवडेच जगतात," ती दगडाशी बोलल्यासारखी बोलत होती. "मूळ जनावर खाली असतं, दगडाला चिकटलेलं. खसखशीच्या दाण्याहून लहान. डोळे नाहीत, हातपाय नाहीत. पाणी उबदार झालं, खायला पुरेसं मिळालं, की त्याला छत्रीचा कोंब फुटतो. एखाद्या वर्षी फुटतो, मग दहा वर्षं फुटतच नाही."

"दहा वर्सं काय करतं मंग ते?"

"काही नाही. असतं."

दत्तोबाने मान हलवली. हे त्याला चांगलंच समजलं.

दगडांवर काही मिळालं नाही. निघताना तिने हात पुसले आणि म्हणाली, "एक काम कराल, आबा? रोज दुपारी एकदा बघायचं आणि मला कळवायचं. दिसल्या नाहीत तरी कळवायचं."

"न्हाई दिसल्या तरी?"

"तेही लिहावं लागतं. कधी नव्हत्या हे कळलं तरच कधी होत्या त्याला अर्थ."

दुसऱ्या दिवसापासून दत्तोबा कामाला लागला. रोज साडेबाराला काठावर उभा राहून बटणांचा फोन कानाला लावायचा. दिसल्या नाहीत, वारा पश्चिमेचा, पाणी काल होतं त्याच्याहून दोन पावलं मागे, रंग काल चहाचा, आज ताकाचा. ती विचारायची, तो सांगायचा. चार-चार मिनिटं व्हायची. नवव्या दिवशी सगळं सांगून झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "आज गंमत झाली, आबा. पाण्याखाली मोजत होते तर एक कासव येऊन माझ्या चष्म्यासमोर थांबलं. हलेचना. मीच शेवटी बाजूला झाले." दत्तोबा त्या दिवशी घरी गेला तो रस्ताभर एकटाच हसत. ती गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, कस्तुराबाईलाही नाही. ती त्याची होती.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला आणि चैताली म्हणाली, "आता नाही दिसणार. पाणी गढूळच राहील. पुढच्या मार्चपासून बघू. उगाच पावसात जाऊ नका, घसराल."

"बरं," दत्तोबा म्हणाला.

आणि गाडी पुन्हा रविवारवर आली. जेवलीस का, बरी हायस ना, हे घे आई बोलतीया. सुरुवातीला त्याने खूप प्रयत्न केला. पाण्याचं सांगू गेला तर ती म्हणायची, "हो, पावसात तसंच असणार." बरोबरच होतं तिचं. पावसात सांगण्यासारखं असतं काय? भाताची लावणी झाली, पाठ धरली, पाठ सुटली. खाचरात वाकलेला असताना त्याला रोज साडेबारा वाजलेले घड्याळाशिवाय कळायचे. त्या वेळेला हात आपोआप खिशाकडे जायचा. मार्च कुठे आणि हा आषाढ कुठे. आणि मार्चमध्ये तरी कशावरून? दहा वर्षं फुटत नाही म्हणाली होती. दत्तोबाचं वय एकोणसाठ. तो बोटांवर मोजायचा आणि मोजणं अर्ध्यावर सोडायचा. लेकीचं बोलणं असं थोडे दिवस ऐकायला मिळण्यापेक्षा मिळालंच नसतं तर सवय तरी मोडली नसती, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

श्रावणातल्या एका बुधवारी तो खाचरातून उठला आणि जेवायला घरी न जाता पाण्याकडे उतरला. धरण काठोकाठ भरलं होतं, मोटर केव्हाच वर आणून ठेवली होती. त्याने रेनकोटच्या आत फोन धरला आणि नंबर दाबला.

"आबा? बुधवारी कसा फोन? आई बरी आहे ना?"

"बरी हाय, बरी हाय. आल्या बघ."

"कोण आल्या?"

"छत्र्या."

तिने विचारलं, "किती?"

"लय. ईस-पंचईस."

"वारा आहे का?"

"न्हाई. पडलाय." रेनकोटच्या टोपीत वारा शिरून ती फडफडत होती. त्याने ती हाताने दाबून धरली.

"पाणी कसं आहे?"

समोर विटेच्या रंगाचं पाणी काठावर आपटत होतं. "निवळ. तळ दिसतुया."

"आणि ऊन?"

"हाय की. लख्ख."

पावसाची सर जोरात आली. प्लास्टिकवर तिचा ताशा वाजायला लागला. त्याने फोन टोपीच्या आत, कानाशी आणखी दाबला. पलीकडून कागदाचा आवाज आल्यासारखा वाटला. वहीचं पान.

"काय करतीयास?"

"लिहून घेते," चैताली म्हणाली. "तारीख, वेळ. वीस-पंचवीस म्हणालात ना?"

दत्तोबाला तिचे शब्द आठवले. कधी नव्हत्या हे कळलं तरच कधी होत्या त्याला अर्थ, असं तीच म्हणाली होती. तिच्या त्या वहीत आता त्याचं हे जाणार होतं.

"नगं लिवू," तो म्हणाला.

"का?"

"न्हाईत त्या. एकबी न्हाई. हितं धो धो पाऊस पडतुया, पानी समदं लाल हाय. मी खोटं बोललो."

ती फोन ठेवील असं त्याला वाटलं, आणि ठेवला असता तरी त्याची तक्रार नव्हती.

"पाऊस मला मघापासून ऐकू येतोय, आबा," चैताली म्हणाली. "मी काही लिहिलं नाही."

"बरं केलंस."

"मग आजचं लिहू काय?"

"लिव. दिसल्या न्हाईत."

"लिहिलं. आणखी?"

आणखी काय असतं ते दत्तोबाला ठाऊक होतं. गेली सोळा वर्षं दुसरं काही त्याच्या मनात नव्हतंच. ते तोंडातून कसं काढायचं हे मात्र ठाऊक नव्हतं, आणि पावसात उभ्या उभ्या ते शिकायला त्याला बराच वेळ लागला. ती थांबून राहिली.

"तू ये," तो म्हणाला. "छत्र्या नसल्या तरी ये. मला तुज्याशी बोलायचं हाय."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग खुर्ची सरकल्याचं, मग कसली तरी बटणं दाबल्याचं. दत्तोबाने सवयीने म्हटलं, "बरं मंग, ठेवतो. काम करीत असशील."

"ठेवू नका," ती म्हणाली. "शनिवारची गाडी बघतेय. बोलत राहा तुम्ही."